आधी श्लोक, मग प्रतिश्लोक

स्नेहसंमेलनांचा हंगाम आला की शाळा-महाविद्यालयांच्या रंगमंचावर एक ठरलेले दृश्य दिसते. मुकुट घातलेला राजा मोबाइलवर बोलत प्रवेश करतो, प्रधान चित्रपटातील संवाद फेकतो आणि सभागृहात हशा पिकतो. हे कोणत्या नाटकाचे विडंबन, असे त्या मुलांना विचारले तर उत्तर मिळत नाही. मूळ नाटक त्यांनी वाचलेले नसते, आणि बहुधा बसवून घेणाऱ्यांनीही नसते.

यावर अनेक पालकांना व कार्यकर्त्यांना सुचणारा उपाय म्हणजे बंदी. फेब्रुवारी 2024 मध्ये पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात रामलीलेतील नटांच्या पडद्यामागील वागण्यावर बेतलेल्या विद्यार्थ्यांच्या नाटकाचा प्रयोग बंद पडला आणि प्रकरण विभागप्रमुखांसह विद्यार्थ्यांच्या अटकेपर्यंत गेले. त्या प्रयोगाचे गुणदोष हा येथील विषय नाही. श्रद्धास्थानांविषयी समाज हळवा असतो, हे रंगकर्मींनी ओळखलेच पाहिजे. परंतु विडंबन म्हणजेच विटंबना, असा समज दृढ झाला तर आपल्याच परंपरेचा एक मोठा भाग आपल्याला नाकारावा लागेल.

भरतमुनींनी रूपकाच्या दहा प्रकारांत प्रहसनाला स्थान दिले. सातव्या शतकात पल्लवनरेश महेंद्रवर्म्याने ‘मत्तविलास’ प्रहसन लिहून दांभिक संन्याशांची खिल्ली उडवली. याहून बोलके उदाहरण केरळच्या कूडियाट्टमचे आहे. मंदिराच्या आवारातील कूत्तंबलममध्ये ‘सुभद्राधनंजय’सारखे संस्कृत नाटक रंगते. नायक उदात्त श्लोक म्हणतो आणि विदूषक त्याच घडणीचा, पण खाण्यापिण्याच्या वा क्षुद्र व्यवहाराच्या आशयाचा मल्याळम प्रतिश्लोक म्हणतो. धर्म, अर्थ, काम, मोक्ष या पुरुषार्थांच्या जागी तो विनोद, वंचन, अशन आणि राजसेवा यांचे निरूपण करतो. तेही रात्रीमागून रात्री. देवाच्या दारात हे शतकानुशतके चालत आले आणि कोणाची श्रद्धा ढळली नाही. 2001 मध्ये युनेस्कोने याच नाट्यपरंपरेचा जागतिक वारसा म्हणून गौरव केला.

येथे क्रम महत्त्वाचा आहे. श्लोक आधी, प्रतिश्लोक नंतर. मूळ कानात घुमत असते म्हणूनच हसू येते.

महाराष्ट्रातही वेगळे घडले नाही. आचार्य अत्रे यांचा ‘झेंडूची फुले’ हा विडंबनकवितांचा संग्रह 1925 मध्ये आला. अत्रे तेव्हा शिक्षकी पेशात होते. ज्या कवींची त्यांनी टर उडवली त्यांची वृत्ते आणि लकबी त्यांना त्या कवींइतक्याच अवगत होत्या. ‘वस्त्रहरण’चे हजारो प्रयोग झाले, तेथे प्रेक्षक हसतो तो गावच्या हौशी नटमंडळींच्या फजितीला, द्रौपदीच्या दुःखाला नव्हे. कोणाला हसायचे आणि कोणाला नाही, हा विवेक दिग्दर्शकाने शिकवायचा असतो. पोलीस ठाण्यात तो शिकवता येत नाही.

म्हणूनच विडंबनाचा रीतसर अभ्यास शाळेत व्हावा. उदाहरणार्थ, गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ घ्यावे. सुधाकर-सिंधूच्या त्या शोकांतिकेतच नाटककाराने तळीरामाचे आर्यमदिरामंडळ उभे केले आहे, म्हणजे सभासंमेलनांचे विडंबन आयतेच हाती आहे. विद्यार्थ्यांनी प्रथम तो प्रवेश आहे तसा पाठ करावा व सादर करावा. गडकऱ्यांच्या कोट्या, लांबलचक वाक्यांची चढती कमान, शब्दांचे अनुप्रास हे सारे जिभेवर बसू द्यावे. या कामाला महिना लागला तरी चालेल. मग त्याच भाषेत, त्याच डौलात मोबाइलच्या आहारी गेलेल्यांची सभा लिहावी. आशय बदलायचा, घाट बदलायचा नाही. अट कठीण आहे. गडकऱ्यांसारखे एक वाक्य लिहायचे तर दहा वाक्ये खोडावी लागतात, आणि त्या खोडण्यातच मराठी येते. परीक्षेतील ‘नाटककाराची भाषाशैली स्पष्ट करा’ या प्रश्नाचे उत्तर मार्गदर्शकातून पाठ करणाऱ्या मुलाला ती शैली आयुष्यात कधी भेटत नाही.

प्रयोगाच्या दिवशीही मूळ प्रवेश आधी व्हावा आणि लगेच त्याचे विडंबन. पालकांना दोन्ही पाहायला मिळतील. विडंबन फसले तर तेही तिथल्या तिथे कळेल. मुळाशेजारी उभे राहिलेले पाचकळ लेखन टिकत नाही.

संहिता मिळवण्याचीही अडचण नाही. किर्लोस्कर, देवल, गडकरी, खाडिलकर या चौघांच्याही निधनाला साठांहून अधिक वर्षे लोटल्याने त्यांच्या नाटकांवरील लेखनहक्क संपले आहेत. ‘सौभद्र’ असो वा ‘शारदा’, शाळेला कोणाची परवानगी घ्यावी लागत नाही. ग्रंथालयाच्या कपाटाची किल्ली तेवढी शोधावी लागेल.