अनुदान मागताना

परप्रांती स्थिरावलेल्या मराठी मंडळांच्या वार्षिक सभेत एक वाक्य हमखास ऐकू येते : “कुठूनतरी अनुदान मिळवा, म्हणजे वाचनालय सावरेल.” मग ज्याची भाषा बरी, त्याच्या गळ्यात हे काम पडते.

आमच्याही गळ्यात ते एकदा पडले. आम्ही चार पानी अर्ज लिहिला. त्यात संतवाङ्मयाची थोरवी होती, पूर्वजांचा पराक्रम होता, मायबोलीविषयीचा कळवळा होता. सभासद किती, पुस्तके किती, कपाटांना खर्च किती, याचा मात्र कोठेच उल्लेख नव्हता. अर्ज परत आला. वाईट वाटले, पण दोष आमचाच होता. देणाऱ्याने प्रश्न विचारले होते आणि आम्ही त्याला भाषण ऐकवले होते.

वस्तुतः हा धडा आपणांस घरच्या इतिहासातच मिळावयास हवा होता. १९१० साली महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांस बडोद्यास आणून ग्रंथालयांची चळवळ उभी केली. गावाने आधी आपली वर्गणी जमवावी, मग तेवढीच रक्कम प्रांत पंचायतीने व तेवढीच सरकारने द्यावी, असा त्या योजनेचा दंडक होता. पहिला पैसा गावचा, हे त्यातील मर्म. कोलकात्यास १९७२ साली स्थापन झालेल्या राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या काही योजनाही राज्यांच्या वाट्यास आपला वाटा जोडण्याच्या तत्त्वावर चालतात.

दुसऱ्या खेपेस आम्ही लेखणी बाजूला ठेवली आणि घरोघर गेलो. “मुले मराठी विसरली” हा विलाप झाला; किती मुले मराठी बोलतात आणि त्यांपैकी किती पुस्तक वाचू शकतात, ही गरज झाली. बोलणारी पुष्कळ भेटली, वाचणारी फार थोडी. ते आकडे अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात घातले. वर्षाअखेर किती मुले वाचती व्हावीत, हे उद्दिष्टही आकड्यांतच मांडले. प्रत्येक खर्चापुढे दुकानदाराचे दरपत्रक जोडले. मंडळाची जागा, कार्यकर्त्यांचे तास आणि जमलेली वर्गणी हा आपला वाटा म्हणून दाखविला. अनुदान संपल्यावर ग्रंथपालाचे मानधन कोण देणार, याचे उत्तर कोणी विचारण्यापूर्वीच लिहिले.

कागदपत्रांची तयारी मात्र आधीपासून हवी. नोंदणीचा दाखला, घटना, कार्यकारिणीचा ठराव आणि मागील वर्षांचे तपासलेले हिशेब एका धारिकेत असावेत. केंद्र सरकारच्या अनुदानासाठी दर्पण पोर्टलवरील नोंदणी लागते. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीतून साहाय्य हवे असल्यास संस्थेस १ एप्रिल २०२१ पासून ‘सीएसआर-१’ हा अर्ज भरून नोंदणी करावी लागते. पैसे मिळाल्यावर विनियोग प्रमाणपत्र वेळेवर पाठवावे. ज्याने ते रखडविले, त्याने पुढचे दार आपल्याच हाताने लावून घेतले असे समजावे.

आमचे अनुदान मंजूर झाले. मागितल्याहून थोडे कमी. परंतु घरोघर फिरताना ज्या मातापित्यांना आम्ही प्रश्न विचारले, त्यांतील काहीजण मुलांना घेऊन मंजुरीच्या पत्राआधीच वाचनालयात आले होते.

वाचकहो, अनुदान एकदा येते, वर्गणी दरसाल द्यावी लागते. आपल्या मंडळाची यंदाची वर्गणी आपण भरली आहे ना?