पेशवेकालीन पत्रे खरोखर कोरडी होती का?

१/ पेशवेकालीन पत्रे प्रथमच वाचणाऱ्यास ती रुक्ष वाटतात. हुंड्या, पाऊसपाणी, फौजेची कूच, आणि शेवटी ‘बहुत काय लिहिणे? लोभ असो दीजे हे विनंति.’ त्या काळची माणसे भावनेस पारखी होती, असा निष्कर्ष मग सहज निघतो. तो चुकीचा आहे. दोष पत्रांचा नाही. वाचणारा त्यांत आजचे शब्द शोधतो.

२/ ‘लोभ’ हाच शब्द पाहा. कीर्तनात तो षड्रिपूंपैकी एक. पत्राच्या अखेरीस मात्र तोच जिव्हाळा होतो. शिवाय पत्रलेखक ‘माझा आपल्यावर लोभ आहे’ असे जाहीर करत नाही. समोरच्याचा लोभ आपल्यावर असावा, एवढेच तो मागतो. हा ठरलेला साचा होता, हे खरे. सावकाराच्या तगाद्यालाही तो चाले! पण साचा झाला म्हणून तो प्रत्येक पत्रात पोकळच होता, असे मानण्यास आधार नाही.

३/ मराठीत खऱ्या भावनेचे मूळ घर हृदय नव्हेच. दुसऱ्याचे दुःख पाहून आतडे तुटते. अन्यायाविरुद्ध माणूस पोटतिडिकेने बोलतो. अपराध पोटात घालतात, लेकराला जीव लावतात. आणि ढोंग? ते ‘तोंडदेखले’, ‘ओठात एक, पोटात एक’. खरेपणा मोजायचा तो ओठ आणि पोट यांमधील अंतराने.

४/ ‘काळीज’ हा शब्दही यकृतवाचक संस्कृत ‘कालेय’पासून आलेला, हिंदीतील ‘कलेजा’ त्याचाच भाऊबंद. हाँगकाँगच्या कँटोनीज भाषेत जिवलगाला ‘सम-गॉन’ म्हणतात, शब्दशः ‘हृदय-यकृत’. निष्कपट मैत्रीसाठी चिनी वाक्प्रचार आहे: मित्रांची यकृते आणि पित्ताशये परस्परांना उजळतात.

५/ म्हणूनच जुनी पत्रे वाचताना दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ जवळ असावा. १९४० च्या दशकात पुण्यातच सिद्ध झालेला हा ग्रंथ इतिहासाच्या विद्यार्थ्यांकडून फारसा उघडला जात नाही. भाषाशास्त्राचे पुस्तक म्हणून तो बाजूला ठेवला जातो, आणि मग पत्रातील ‘पोट’ केवळ उपजीविकेचे ठरते.

६/ आज पुण्याच्या चौकाचौकांतील फलकांवर ‘हार्दिक’ शुभेच्छा झळकतात. हृदयाचा शब्द एवढ्या मोठ्या अक्षरांत पेशवाईत कोणी लिहिला नव्हता. फलकावरील चेहऱ्यांपैकी कितींचे आतडे कोणासाठी तुटते, हे ज्याचे त्याने पाहावे.