स्टेअरिंगचा पाइप गळू लागला तर



या सदरात आपण भाताची रोपे, गिरीपुष्पाचे हिरवळीचे खत, भेंडीवरची पांढरी माशी असे विषय घेत आलो. आज मी मोटारगाडीबद्दल लिहितो आहे म्हणून हसू नका. मुरबाड-शहापूरकडच्या कितीतरी घरांत आज बैलजोडी उरलेली नाही, पण दहा-पंधरा वर्षे राबलेली एखादी जुनी गाडी दारात उभी असते. कल्याण-डोंबिवलीच्या सत्तावीस गावांतही तेच. आठवडाभर माणसे न्यायची आणि तोडा आला की मागची सीट काढून भेंडीचे नाहीतर काकडीचे कॅरेट भरायचे. बैलाच्या खुराला काय झाले ते आपण रोज पाहतो. गाडीच्या पोटाखाली मात्र कोणी वाकून पाहत नाही.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट सांगतो. सरळगावच्या बाजूला माझ्या परिचयाचा एक शेतकरी आहे, मोठा कष्टाळू. शेतीशाळेसाठी त्याने मला त्याच्या गाडीतून नेले. गाडी वळवताना बोनेटखालून कण्हल्यासारखा आवाज येत होता. मी तो ऐकला. दापोलीला बी.एस्सी. करताना शेती अवजारे व यंत्रे हा विषय मी शिकलो आहे, तेव्हा आवाज कशाचा हे मला कळायला हवे होते आणि थोडेसे कळलेही होते. पण बोलणे पिकावरच्या रोगाचे चालले होते, ते राहून गेले.

दोन दिवसांनी पहाटे भेंडी भरून तो कल्याणच्या बाजाराला निघाला. रायत्याचा पूल जवळ आला आणि वळणावर स्टेअरिंग एकाएकी दगडासारखे झाले. चाक अडकले असे समजून त्याने गाडी कशीबशी कडेला घेतली. खाली पाहतो तो तेलाची धार लागलेली. उजाडल्यावर जवळच्या एका गॅरेजवाल्याने फाटलेल्या पाइपावर रबरी नळीचा तुकडा चढवून दोन क्लिपा आवळल्या आणि हाताशी होते म्हणून डबीत ब्रेक ऑइल ओतले. गाडी बाजाराच्या फाटकापर्यंतही गेली नाही, तुकडा उडाला. माल पोचला तेव्हा खरेदीदार निघून गेले होते, पडेल त्या भावाने द्यावा लागला. पुढे पंप गेला, स्टेअरिंगच्या पेटीचे सील गेले. एका पाइपाच्या किमतीत भागणारे काम कितीतरी पटींनी महाग पडले. मुलीच्या वसतिगृहाच्या फीसाठी ठेवलेले पैसे त्यात गेले. हे त्याने मला सांगितले तेव्हा मी त्याच्याकडे पाहू शकलो नाही.

आता यातली यंत्ररचना समजून घेऊ. नव्या मोटारींत बहुतेक स्टेअरिंगला विजेची मोटर मदत करते, तिथे तेल नाही आणि पाइपही नाही. जुन्या गाड्यांत ही मदत तेल करते. फ्रान्सिस डेव्हिस नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने १९२० च्या दशकात अशी रचना तयार केली आणि १९५१ साली ती प्रथम विक्रीच्या मोटारीत आली. इंजिनाच्या पट्ट्यावर एक पंप फिरतो. छोट्या डबीतले तेल तो ओढतो आणि दाबाने स्टेअरिंगच्या पेटीकडे पाठवतो. काम झालेले तेल दुसऱ्या पाइपाने डबीत परत येते.

म्हणजे मुख्य पाइप दोन, आणि त्यांतला फरक ध्यानात ठेवण्यासारखा आहे. परतीच्या पाइपात दाब अगदी कमी असतो. जाणाऱ्या पाइपात मात्र चाक पूर्ण वळवून धरले की दाब चौरस सेंटिमीटरला ७० ते १०० किलोपर्यंत चढतो. मोटारीच्या टायरात हवा असते साधारण २ किलो. आपल्या पाठीवरच्या फवारणी पंपाचा दाब ३ किलोच्या आसपास. यावरून क्लिपा आवळून लावलेला नळीचा तुकडा तिथे का टिकत नाही हे वेगळे सांगायला नको. एम-सील, चिकटपट्टी, सायकलची ट्यूब, यांतले काहीही तिथे उपयोगी नाही. गळती थांबवण्याच्या औषधाच्या बाटल्या मिळतात, त्यांनी एखादे सुकलेले सील थोडे फुगेल, फाटलेला पाइप सांधणार नाही.

गळती नेमकी कुठे आहे हे आधी ठरवा. रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा टाकून ठेवा. डाग लालसर आणि बुळबुळीत असेल तर बहुधा स्टेअरिंगचे तेल, काळपट असेल तर इंजिनाचे. पाण्यासारखे पातळ, हिरवे किंवा गुलाबी असेल तर ते रेडिएटरचे. (जुने झाले की स्टेअरिंगचे तेलही तपकिरी होते, म्हणून डबीतली पातळी उतरली का तेही पाहावे.) मग इंजिन थंड असताना सगळे पाइप आणि सांधे कापडाने कोरडे पुसा. घरातल्या कोणाला तरी गाडी सुरू करून चाक दोन्हीकडे फिरवायला सांगा आणि तुम्ही बाजूने विजेरीच्या उजेडात पाहा. गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला आणि चाकामागे दगड लावलेला असावा.

एक गोष्ट कृपा करून करू नका. चालू गाडीत गळती शोधायला पाइपावर हात फिरवू नका. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून दाबाने येणारे तेल कातडी भेदून आत शिरते. वरून जखम मुंगी चावल्यासारखी दिसते, पण आत मांस सडू लागते आणि बोट गमावण्याची पाळी येते. हात न घालता पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरा, त्यावर ओल उमटेल. असे कधी झालेच तर हळद लावून घरी बसू नका, त्याच तासाला मोठे रुग्णालय गाठा. तेल कितीच्या दाबाचे होते हेही डॉक्टरांना सांगा.

तपासात पुष्कळदा असे आढळते की पाइप ठीक आहे, त्याच्या टोकाचे तांब्याचे वायसर किंवा ओ-रिंग दबून गेली आहे. हे स्वस्तातले काम. पाइप उघडला की वायसर नवेच घालावे, जुने उलटून घालू नये. परतीचा पाइप टोकाशी तडकला असेल आणि लांबीला ढील असेल तर तडकलेला इंचभर भाग सरळ कापून पुन्हा चढवता येतो, नवी क्लिप लावून. पण त्याचे रबर दाबल्यावर कडक लागत असेल तर पूर्णच बदला. दुकानात तेलाला टिकणारा पाइप म्हणून मागा, आतला व्यास जुन्याइतकाच. बागेच्या पाण्याची नळी तेलाने काही दिवसांत फुगून मऊ पडते.

दाबाच्या पाइपाला दोनच मार्ग आहेत. त्याच गाडीचा तयार पाइप आणावा, हे उत्तम. जुन्या गाडीचा तो मिळत नसेल तर जेसीबी, डंपर यांचे होज पाइप यंत्रावर दाबून देणारे कारागीर आपल्याकडे भिवंडी-कल्याण पट्ट्यात आहेत. लोखंडी टोके शाबूत असतील तर मधला रबरी भाग नवा घालून ते कडी दाबून देतात. जुना पाइप बरोबर न्यावा, लांबी आणि वळण हुबेहूब तेच हवे. आखूड पाइप ओढला जातो, लांब पाइप सायलेन्सरच्या गरम नळीला टेकतो. त्या नळीवर तेल ठिबकले तर गाडी पेटूसुद्धा शकते.

तेल कोणते घालावे हे गाडीच्या पुस्तिकेत किंवा डबीच्या झाकणावर लिहिलेले असते, तेच घालावे. ब्रेक ऑइल कधीही नाही, त्याने आतली रबरी सीले फुगून निकामी होतात. पाइप बसवल्यावर हवा काढण्याचे काम राहते आणि इथेच पुष्कळ जण घाई करतात. पुढची चाके जॅकवर उचलून घोड्या लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली जाऊ नका. डबी खुणेपर्यंत भरा आणि इंजिन बंद ठेवून चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश पंधरा-वीस वेळा फिरवा. पातळी उतरेल, पुन्हा भरा. मग इंजिन सुरू करून तसेच फिरवा. डबीत फेस दिसतो तोवर हवा आहे, थोडा वेळ थांबून पुन्हा करा. कण्हण्याचा आवाज गेला म्हणजे झाले. काढलेले तेल नाल्यात ओतू नका. उल्हास नदीचे पाणी खाली हजारो घरांत प्यायला जाते.

पाइप लवकर का जातो, तर पहिले कारण वय आणि इंजिनाची उष्णता. दुसरे उंदीर. भाताच्या कणगीशेजारी गाडी लावणाऱ्यांनी तर महिन्याला बोनेट उघडून पाहावेच. तिसरी आपलीच सवय: बाजाराच्या आवारात गर्दीत, उभ्या गाडीचे चाक शेवटपर्यंत मुरगळून तसेच धरून ठेवायचे. टोकाला लागले की चाक जरासे सैल सोडावे.

रस्त्यात पाइप फुटलाच तर घाबरू नका. चाक जड होते, पण अडकत नाही. दोन्ही हातांनी जोर लावून गाडी कडेला घेता येते. तेलावाचून पंप फार वेळ चालवला तर तोही जातो, म्हणून माल दुसऱ्या गाडीत चढवणेच शेवटी स्वस्त पडते.

त्या शेतकऱ्याची गाडी आता चालू आहे. फीचे पैसे त्याने काकडीच्या पिकातून उभे केले, एक महिना उशिरा. फाटलेला पाइप मी त्याच्याकडून मागून घेतला आहे आणि गावोगावच्या बैठकांना बियाण्याच्या नमुन्यांबरोबर पिशवीत नेतो. कडीजवळची चीर अर्ध्या बोटाएवढीही नाही.