फूड ट्रेलरला इलेक्ट्रिक जॅक की हँडलचा? माझं मत थोडं बदललंय



फूड ट्रेलर घ्यायचा विचार करणारी माणसं दुकानात आली की पहिले दोन प्रश्न ठरलेले. रंग कुठला मारू आणि मेनू काय ठेवू. तिसरा प्रश्न क्वचितच कुणी विचारतं, आणि खरा घाम तिथेच निघतो. ट्रेलर पिकअपपासून सुटला की त्याचं पुढचं तोंड कशावर उभं राहणार?

बैलगाडी पाहिलेल्यांना हे लगेच कळेल. बैल सोडले की जू जमिनीवर आपटू नये म्हणून खाली लाकडाचा टेकू देतात, त्याला शिपाई म्हणतात. ट्रेलरचा पुढचा जॅक म्हणजे तोच शिपाई, फक्त स्क्रूवर वरखाली होणारा. उसाच्या ट्रॉलीला हँडलवाला असतो तो आपण सगळ्यांनी पाहिलाय. आता बटणावर चालणारे, १२ व्होल्टचे इलेक्ट्रिक जॅकही मिळतात. परदेशात सुट्टीला कॅराव्हॅन ओढत नेणारी मंडळी ते वापरतात. आपल्याकडे कॅराव्हॅन अजून थोड्या आहेत, राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरणच २०२१ चं. पण चाकण पट्ट्यात चहा-पोहे, मिसळ, चायनीजचे ट्रेलर भरपूर, आणि प्रश्न तोच आहे.

मी आजवर सरळ सांगत आलो, "हँडलचा घ्या, पैसे वाचवा." इलेक्ट्रिक विकला तर मला जास्त सुटतात, तरी हेच सांगायचो. निम्म्याहून जास्त लोकांना आजही हेच सांगेन. पण एका ताईंच्या बाबतीत मी चुकलो, आणि ते लिहिणं मला भाग आहे.

चिंबळी फाट्याजवळ नवरा-बायको मिळून नाश्त्याचा ट्रेलर लावतात. नवऱ्याची कंपनीत फर्स्ट शिफ्ट. पहाटे तो पिकअपने ट्रेलर आणून सोडतो आणि पळतो, सात वाजता पंच करायचा असतो. संध्याकाळी दीर येऊन ट्रेलर घरी नेतो. रात्री रस्त्याकडेला ठेवायची सोय नाही. चोरीची भीती, शिवाय अतिक्रमणवाले कधी येतील सांगता येत नाही. म्हणजे रोज जोडा, रोज सोडा, आणि हँडल ताईंच्या हातात. पावसाळा संपता संपता त्या दुकानात आल्या त्या उजवा हात छातीशी धरून. "दादा, वर फडताळातलं डबं काढता येईना." डॉक्टरांनी खांद्याला आराम सांगितला होता. आराम म्हणजे धंदा बंद.

मग मी जे आधी करायला हवं होतं ते केलं, हिशोब मांडला. जॅकचा स्क्रू एका फेऱ्यात ५ मिलिमीटर सरकतो असं धरा. ३० सेंटीमीटर खाली न्यायला ६० फेरे, वर घ्यायला ६०. एकदा जोडणं-सोडणं म्हणजे १२० फेरे. फाट्यावर एकदा आणि घरी एकदा, दिवसाचे २४०. महिन्याला २६ दिवस धरले तर ६,२४०. यातले सगळे फेरे वजनाखाली नसतात हे खरं, पण जे असतात ते खांद्यालाच लागतात. मी गिऱ्हाइकाला ट्रेलरची लांबी विचारायचो, वजन विचारायचो. दिवसातून किती वेळा जोडता-सोडता आणि हँडल कोण फिरवतं, हे विचारतच नव्हतो.

वजनाचंही थोडं सांगतो, कारण यात बरेच जण फसतात. पुढच्या तोंडावर एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार यावा. ट्रेलर भरून ९०० किलो असेल तर ९० ते १३५ किलो. ताईंच्या ट्रेलरला दोन्ही कमर्शियल सिलिंडर पुढच्या पेटीत, आणि पाण्याचे चार जारही पुढेच. २० लिटरचा एक जार म्हणजे २० किलो, चार म्हणजे ८०. आम्ही आधी जार चाकांच्या वर, मधोमध आणले. हँडल लगेच हलकं झालं. एक रुपया खर्च नाही. पण उत्साहाच्या भरात सगळंच मागे ढकलू नका. तोंड फार हलकं झालं की पिकअपमागे ट्रेलर डुलायला लागतो, आणि आपल्या पुणे-नाशिक हायवेवर मागून कंटेनर येत असताना डुलणारा ट्रेलर कुणाच्याही नशिबी नको.

जार हलवूनही रोजचे फेरे कमी होत नव्हते. म्हणून ताईंना इलेक्ट्रिक बसवला.

आता दुसरी बाजू. मागच्याच पावसाळ्यात एका मुलाचा रात्री अकराला फोन आला. बटण दाबलं तर नुसतं टक् टक् वाजतंय, मोटर फिरत नाही, ट्रेलर तिथेच, आणि पाऊस कोसळतोय. त्याला वाटलं जॅक बॅटरी खातो. हिशोब करा. मोटर वजनाखाली साधारण २५ अँपिअर खेचते, पण चालते किती? दोन मिनिटं. म्हणजे एक अँपिअर-तासही नाही. बॅटरी खाल्ली होती त्याच्या लायटिंगने आणि स्पीकरने. ३ अँपिअरची लाईट पाच तास चालली की १५ अँपिअर-तास गेले. बॅटरी बसली की लाईट मंद का होईना चालू राहते, मोटर मात्र उठत नाही. अशा वेळी हाताने फिरवायला जॅकसोबत एक हँडल मिळतं. ते होतं. घरी, माळ्यावर, खोक्यात.

हाच दोन्हींतला मोठा फरक. हँडलवाला जॅक बिघडण्याआधी कुरकुर करतो, जड होतो, आठ-पंधरा दिवस तक्रार करतो. इलेक्ट्रिक काल चालला आणि आज बंद. हँडलवाल्याचा दात मोडला, स्क्रू वाकला तर चाकणला किंवा भोसरीला लेथवाला दुपारपर्यंत काहीतरी करून देतो. इलेक्ट्रिकची मोटर किंवा स्विच गेला की पार्ट मागवा आणि वाट बघा. तेवढे दिवस धंदा कुणाच्या हातावर चालणार, हे आधी ठरवून ठेवा.

पैशाचं म्हणाल तर आजचा भाव दुकानात विचारा, मी इथे लिहिला तर चार महिन्यांत जुना होईल. पण पद्धत सांगतो. समजा दोन्हींत १८,००० चा फरक निघाला. वर्षात ३०० दिवस धंदा केला तर पहिल्या वर्षी रोजचे ६० रुपये. दहा रुपयांचे सहा चहा. रोज जोडणाऱ्या-सोडणाऱ्याला हे जड नाही. ज्याचा ट्रेलर कंपनीच्या आवारात परवानगीने महिनोन्‌महिने एकाच जागी उभा असतो, त्याने मात्र हे ६० रुपये का घालवावेत? त्याने हँडलचाच घ्यावा आणि उरलेल्या पैशात चार कोपऱ्यांना चांगले स्टँड लावावेत. बीबीएला आम्हाला पे-बॅक पिरियड शिकवला होता. खांदा कुठल्या रकान्यात लिहायचा ते काही शिकवलं नाही.

मधला एक जुगाडही चालतो, हँडल काढून तिथे कॉर्डलेस ड्रिल लावायचं. वजन नसताना ठीक आहे. वजनाखाली ड्रिल उलटा झटका देतं आणि मनगट मुरगळतं. मी तरी शिकवत नाही.

घेणार असाल तर जॅक कुठलाही घ्या, ट्रेलर पिकअपला जोडलेला असतानाच दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे लावा, मगच जॅकला हात घाला. मुरमाच्या जागेवर जॅकच्या पायाखाली जाड फळी ठेवा, नाहीतर पावसात पाय रुततो, तवा एका अंगाला कलतो आणि तेल सगळं कडेला जमा होतं. आणि जॅक म्हणजे स्टँड नव्हे. आत माणसं काम करत असताना भार कोपऱ्यांच्या स्टँडवर हवा. आपल्याकडे धूळ भयंकर. ग्रीसवर धूळ बसली की तिची पॉलिश पेपरसारखी लेई होते आणि ती स्क्रू खाते. महिन्यातून एकदा जुनं ग्रीस पुसा, नवीन लावा. इलेक्ट्रिक असेल तर वरून रेक्झिनचं कव्हर, लाईनमध्ये कंपनीने सांगितलेला फ्यूज, आणि जाड वायर. ऑडिओची पातळ वायर लावून "जॅकच खराब निघाला" म्हणत येणारे मी पाहिलेत.

ताईंच्या जॅकला आता चार महिने झाले. जाताना त्यांनी मला एकच काम सांगितलं, हाताने फिरवायचं हँडल ट्रेलरच्या आतल्या दाराला क्लिप मारून अडकवून द्या. दिलं. पुढच्या व्हिडिओत कोपऱ्यांचे स्टँड आणि लेव्हल कशी काढायची ते दाखवतो. ट्रेलर त्यांचाच आहे, सकाळी दहानंतर, गर्दी ओसरल्यावर शूट करणार आहोत.