ट्रंकेतला कॅमेरा

मुंबईला, आखातात नोकरीला गेलेल्यांनी आणलेला एखादा जाडजूड कॅमेरा कोकणात अजून कुठे कुठे ट्रंकेत पडून असतो. मुचकुंदीच्या मुखाशी वसलेल्या पूर्णगडसारख्या गावी त्याला दोन शत्रू : खारा वारा आणि पावसाळी ओल. भंगारात टाकण्याआधी तो काय चीज आहे ते तरी पाहा.

पूर्वी भिंगाचे कडे हाताने फिरवून चेहरा स्पष्ट करावा लागे. १९८५ साली मिनोल्टाने '७०००' हा कॅमेरा काढला. बटण अर्धे दाबले की पोटातली मोटर ते काम करी. भिंगाच्या दोन बाजूंनी आलेली चित्रे यंत्र ताडून पाहते आणि भिंग कुणीकडे, किती सरकवायचे ते ठरवते. कोऱ्या भिंतीपुढे मात्र ते गोंधळते, कारण ताडायला रेघच नसते. तेव्हा लुगड्याच्या काठावर नेम धरावा, बटण अर्धे दाबूनच ठेवावे, मग चौकट हवी तशी साधावी.

१९८७ मध्ये कॅननने मोटर भिंगातच बसवली आणि जोडणीचे कडेही बदलले. जुनी भिंगे नव्या कॅमेऱ्याला बसेनात, गिऱ्हाइके चिडली. निकॉनने १९५९ चेच कडे ठेवले. पण कॅननची ती १९८७ नंतरची भिंगे आजच्या डिजिटल कॅमेऱ्यांनाही चालतात, काहींना मध्ये जोडकडे लागते एवढेच. म्हणजे कॅमेरा मेला तरी भिंगाला किंमत आहे.

आता मुख्य गोष्ट. मागचे झाकण एकदम उघडू नका! त्यावर बहुधा छोटी काच असते. तिच्यातून रोल दिसला तर नवे सेल घालून तो गुंडाळण्याचे बटण दाबा. आजोबांचा शेवटचा फोटो त्यातच असायचा. रंग उडालेले असतील, तरी मुंबई-पुण्यात रोल धुऊन देणारे अजून आहेत.

मग सेल काढून ठेवा; ते पाझरले की पत्रे कुजतात. भिंग उजेडाकडे धरा. आत कोळिष्टकासारखे धागे दिसले तर ती बुरशी. ती काचेवरचा मुलामा खाते. खोबरेल, स्पिरिट असले घरगुती प्रयोग नकोत. जाणकाराकडूनच साफ करून घ्या. चामडी पिशवी ओल धरते, ती आधी बाजूला काढा. पापड ठेवतो तशा घट्ट झाकणाच्या डब्यात कॅमेरा ठेवून ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घाला, आणि पावसाळ्यात उघडीप मिळाली की तासभर बाहेर हवेशीर ठेवा.