'हेल्पफुल' बाईला पगार किती?

मैत्रिणींनो, आपल्या संस्थांच्या अहवालांत एक इंग्रजी शब्द फार सढळ हातानं पेरलेला असतो. हेल्पफुल. 'अंगणवाडीची मदतनीस फार हेल्पफुल आहे.' त्याच पानावर पुरुष कर्मचारी मात्र 'एफिशियंट' असतो.

इंग्रजीत सल्ला हेल्पफुल असतो, नकाशा हेल्पफुल असतो, म्हणजे उपयोगी. माणसाला तोच शब्द लावला की अर्थ होतो मदतीला तत्पर. म्हणजे त्याचं काम कार्यक्षमता आणि तिचं काम स्वभाव! आणि स्वभावाला पगार कोण देतं?

ही बाई घरोघर फिरून मुलं गोळा करते, झाडलोट करते, पाणी भरते, खिचडी शिजवते, भांडी घासते, मुलांची शी-शू काढते. सेविका बैठकीला गेली की अंगणवाडीही तीच सांभाळते. आपला मराठी शब्द तरी काय? चिटणीस, फडणीस यांच्यातला 'नीस' फारसी 'नवीस'वरून आला, म्हणजे लिहिणारा. मदतनीस त्याच वळणाचा शब्द, पण हिच्या हाती लेखणी नाही, खराटा आहे.

एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. तेव्हापासून मदतनिसाला वेतन नाही, 'मानधन' आहे. ऑक्टोबर २०१८ पासून केंद्रानं ते महिना १,५०० वरून २,२५० रुपये केलं. राज्य सरकारं त्यात आपापली भर घालतात, पण नाव मानधनच. सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे ठरायला सर्वोच्च न्यायालयाचा एप्रिल २०२२ चा निकाल यावा लागला.

डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविका-मदतनीस संपावर गेल्या. मानधनवाढ, ग्रॅच्युइटी, पेन्शन या त्यांच्या मागण्या. तेव्हा चांगला शिकलेला एक कार्यकर्ता मला म्हणाला, "पण त्या तर मनापासून करतात ना?" डॉक्टर मनापासून तपासतो म्हणून त्याची फी कुणी बुडवतं का? बाईचं मन मध्ये आलं की हिशेबाची वही मिटते, घरात तसंच सरकारातही.

आमच्या यंदाच्या अहवालाच्या मसुद्यातून मी 'हेल्पफुल' खोडला. त्या जागी तिचे कामाचे तास आणि हाती पडलेली रक्कम लिहिली. "फारच रूक्ष वाटतंय," असा शेरा आला. मी ओळ बदललेली नाही. तुमच्या अहवालात काय लिहिलंय, काढून बघा आणि आम्हाला कळवा.