विश्लेषण : दुकानात मुदतबाह्य माल सापडला, तर जबाबदार कोण? कंपनी की स्टोअर मॅनेजर?

धारावीतील झेप्टोच्या डार्क स्टोअरचा परवाना राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) जून २०२५च्या सुरुवातीला निलंबित केला. काही पदार्थांवर बुरशी, साचलेल्या पाण्याजवळ ठेवलेला माल, शीतसाठवणुकीत न राखलेले तापमान आणि मुदतबाह्य माल वेगळा न काढणे, असे ठपके तपासणीत ठेवण्यात आले. बातम्या कंपनीच्या नावाने आल्या. पण अशा प्रकरणांत शाखा सांभाळणाऱ्या व्यक्तीवरही जबाबदारी येऊ शकते, याची चर्चा फारशी होत नाही.

विक्रेत्यावर कोणती जबाबदारी?

अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ मधील कलम २७ नुसार मुदत संपल्यावर विकलेला, अस्वच्छ स्थितीत ठेवलेला किंवा चुकीच्या लेबलचा माल यासाठी विक्रेता जबाबदार असतो. उत्पादक किंवा वितरक कोण हे सांगता येत नसेल, तरीही तोच. त्यामुळे सुट्या डाळी विकणाऱ्या दुकानात खरेदीचे बिल केवळ हिशेबासाठी नसते.

मॅनेजरचे नाव कुठे येते?

कलम ६६ मध्ये. कंपनीच्या अनेक शाखा असतील, तर अन्नसुरक्षेसाठी जबाबदार म्हणून नेमलेला शाखाप्रमुख त्या शाखेतील उल्लंघनासाठी जबाबदार ठरतो. ही नेमणूक ‘फॉर्म ९’ या अर्जाने होते आणि त्यावर नेमलेल्या व्यक्तीचीही संमती असते. नोकरीच्या कागदपत्रांच्या गठ्ठ्यात ही सही सहज होऊन जाऊ शकते. असुरक्षित अन्नामुळे मृत्यू झाल्यास कलम ५९ नुसार किमान ७ वर्षे ते जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. त्यामुळे ही सही साधी नाही.

बचाव कशाने होतो?

गुन्हा आपल्या नकळत घडला किंवा तो टाळण्यासाठी योग्य ती सर्व दक्षता घेतली, हे सिद्ध केल्यास मॅनेजर शिक्षेतून सुटू शकतो. पण सिद्ध त्यालाच करायचे आहे. म्हणून फ्रीजच्या तापमानाची नोंदवही महत्त्वाची. फ्रीज ५ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली आणि फ्रीझर उणे १८ अंश हा सर्वसाधारण निकष. महिनाभर रोज नेमके ४ अंश लिहिलेली वही मात्र कोणत्याही अधिकाऱ्याला खटकेल. तापमान कधी वाढले, कोणी पाहिले आणि त्या मालाचे काय केले, हे लिहिलेली वही जास्त विश्वासार्ह.

शेल्फ लावतानाही ‘आधी आलेला माल आधी’ हा नियम पुरत नाही. नव्या गाडीतून आलेल्या दह्याची मुदत जुन्यापेक्षा आधी संपणारी असू शकते. ज्याची मुदत आधी संपते, तो माल पुढे हवा. मुदतबाह्य माल ‘विक्रीसाठी नाही’ असे लिहिलेल्या वेगळ्या जागी ठेवायला हवा.

अधिकार कोणाकडे?

खरी अडचण इथे आहे. नवा कॉम्प्रेसर, जादा कर्मचारी किंवा तुंबलेल्या गटाराची दुरुस्ती यांचा खर्च अनेकदा मुख्यालय मंजूर करते. जबाबदारी शाखेत आणि पैसा वर, अशी ही रचना आहे. तरी संचालक आपोआप सुटत नाहीत. त्यांच्या संमतीने किंवा हलगर्जीमुळे गुन्हा घडल्याचे सिद्ध झाल्यास कलम ६६ नुसार तेही दोषी ठरतात. फ्रीज बिघडल्याचा तारखेसह मुख्यालयाला पाठवलेला ईमेल त्या वेळी मॅनेजरच्या बाजूने आणि वरिष्ठांच्या विरोधात पुरावा ठरू शकतो. तोंडी सांगितलेल्या तक्रारीचे तसे नसते.